गादीखालचा पाहुणा

इंद्रजाल घरात यायचा तो शर्टाच्या आतून. चड्डीच्या इलॅस्टिकमध्ये अर्धा खोचलेला, वरून शर्ट ओढलेला. एरवी पोक काढून चालणारा मुलगा दारातून ताठ चालत आला की आईला कळायचं, पाहुणा आलाय. बैठकीच्या खोलीत त्याला कधी कोणी बसायला सांगितलं नाही. त्याची जागा गादीखाली, भूगोलाच्या पुस्तकात, नाहीतर माळ्यावरच्या ट्रंकेमागे. इतक्या घरांत इतकी वर्षं वावरून ज्याच्यासाठी एकदाही पाट मांडला गेला नाही, असा पाहुणा मी दुसरा पाहिलेला नाही. त्यालाही त्याचं काही नव्हतं. गादीखाली तो खुशीत असायचा.

पूर्ण नाव इंद्रजाल कॉमिक्स. जन्म मार्च 1964, मुक्काम मुंबई, घराणं टाइम्स ऑफ इंडियाचं. म्हणजे तसा खानदानी; पण खानदानी घरातलं एखादं पोर दिवसभर गल्लीत गोट्या खेळत असतं, तसा हा. अंगानं सडपातळ, कण्याच्या जागी पिना. सुरुवातीला महिन्यातून एकदा यायचा, मग पंधरवड्यानं येऊ लागला, पुढे दर आठवड्याला. ज्या घरात आपण नकोसे आहोत तिथल्या फेऱ्या वाढवत न्यायच्या, ही त्याची खोड पहिल्यापासूनची.

कपड्यांचा शौक मात्र दांडगा. आतली बहुतेक चित्रं अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांसाठी काढलेली, पण वरचा कोट इथे शिवलेला. गोविंद ब्राह्मणिया यांच्यासारखा चित्रकार त्याची मुखपृष्ठं रंगवायचा. एस.टी. स्टँडवरच्या बुक स्टॉलवर दोरीला चिमट्यानं टांगलेला इंद्रजाल लांबूनच हाक मारायचा: वाघ झेपावतोय, मागे धबधबा, वेताळाची मूठ थेट आपल्या नाकासमोर. घरी येऊन वाचावं तर तो वाघ आत एखाद्या चौकटीपुरता येऊन जाई, कधी तेवढाही नाही. त्यावर इंद्रजालला जाब विचारण्यात अर्थ नव्हता. पत्रिकेवर गणपती छापला म्हणून तो लग्नाला येतो का?

त्याच्या पोतडीतला हुकमी माणूस म्हणजे वेताळ. ली फॉक यांनी 1936 साली अमेरिकन वर्तमानपत्रांत 'फँटम' आणला. त्याआधी दोन वर्षं त्यांचाच जादूगार मँड्रेक आला होता. इंद्रजालचे पहिले 32 अंक सगळेच्या सगळे फँटमचे. मराठीत उतरताना त्याचं बारसं झालं आणि नाव ठेवलं वेताळ. या एका नावावर मी इंद्रजालचे शंभर गुन्हे माफ करायला तयार आहे. हिंदीतही तो वेतालच झाला, पण आपल्याकडे त्या नावाला गावोगाव पत्ता होता. गावकुसाबाहेर शेंदूर फासून बसलेला, अमावास्येला भुतावळ घेऊन फेरीला निघणारा, भुतांचा राजा असून गावाचा राखणदार. पुण्यात त्याच्या नावाची टेकडी, गोव्यात आमोण्याला त्याचं देऊळ. त्यामुळे अंगाला चिकटलेले जांभळे कपडे घालून, कमरेला पिस्तुलं लावून, कवटीच्या गुहेत राहणारा हा गोरा माणूस मराठी पोरांना परका वाटलाच नाही. कधी न मरणारा, रात्री फिरणारा, दुष्टांची दातखीळ बसवणारा: एवढं आजीनं आधीच सांगून ठेवलेलं होतं. आजीच्या वेताळाकडे घोडा नव्हता, इतकाच फरक.

आणि हा वेताळ खरा मरायचा, बरं का. तोच त्याच्यातला गमतीचा भाग. बाप गेला की मुलगा तोच मुखवटा, तेच कपडे चढवायचा, आणि जंगलाला वाटायचं हा अमर आहे. आपल्या गोष्टींतला वेताळ एकविसावा. वडिलांचंच दुकान, वडिलांचीच गादी, वडिलांचीच शपथ. या देशात ही कल्पना कोणाला समजावून सांगावी लागली नाही.

जांभळ्या रंगाचं म्हणाल तर इंद्रजालचं घराणं त्याबाबत अगदी बेफिकीर. फॉक यांच्या मनातला वेताळ करड्या कपड्यांतला होता. 1939 साली रविवारच्या पुरवणीत रंगीत चित्रं सुरू झाली, तेव्हा तो जांभळा छापला गेला आणि जांभळाच राहिला. स्वीडन-नॉर्वेकडे तो निळा फिरतो, इटलीत आणि ब्राझीलमध्ये लाल. घनदाट हिरव्या अरण्यात लपूनछपून वावरणाऱ्या माणसानं जांभळं का घालावं, हा प्रश्न आमच्या वर्गातल्या एका हुशार मुलानं विचारला होता. त्याला पुन्हा कोणी अंक वाचायला दिला नाही.

इंद्रजाल तोंडानं धीट आणि आतून भित्रा. वेताळाच्या देशाचं मूळ नाव बंगालच्या फार जवळ जायचं. नको ती भानगड म्हणून यानं त्याचं डेंकाली करून टाकलं. वेताळाच्या घराण्याचे हाडवैरी म्हणजे सिंग नावाचे समुद्री चाचे; 1536 सालापासूनचं वैर. इथे त्यांचे सिंगा झाले. ज्याला स्वतःच्याच घरी गादीखाली दिवस काढायचेत, तो शेजाऱ्यांशी भांडण काढत नाही.

काही गोष्टी मात्र त्यानं बदलल्या नाहीत, आणि आज त्या टोचतात. जंगलातल्या सगळ्या काळ्या माणसांना शहाणपण शिकवायला एक गोरा माणूस लागतो, तो सिंहासनावर बसतो आणि बाकीचे भाले धरून उभे राहतात. मँड्रेकचा सोबती लोथार हा राजपुत्र. पण सुरुवातीची कितीतरी वर्षं तो बिबट्याचं कातडं गुंडाळून मोडकंतोडकं बोलत मालकाचं सामान उचलत राहिला. 1965 च्या सुमारास फ्रेड फ्रेडरिक्स चित्रं काढू लागले तेव्हा कुठे त्याला धड कपडे आणि धड भाषा मिळाली. आम्ही हे वाचत होतो तेव्हा डोळ्यांत काही खुपलं नाही. ते आमच्या डोळ्यांचं प्रगतिपुस्तक आहे, इंद्रजालचं एकट्याचं नाही.

आता त्याच्या एका विचित्र सवयीबद्दल. इंद्रजाल दर तिसऱ्या-चौथ्या चित्राला दचकायचा. कोणीतरी मागे वळून पाहतं, कोणाच्या तरी हातातला कंदील पडतो, दारात सावली उभी राहते. आणि दचकून झालं की पुढच्याच चित्रात एखादं पात्र मघाशी काय झालं ते सगळ्यांना पुन्हा सांगतं. लहानपणी वाटायचं, जंगलात राहून माणसं जरा विसराळू होत असतील. खरं कारण वर्तमानपत्री. या गोष्टी मुळात रोजच्या अंकात तीन-चार चौकटींच्या पट्टीत यायच्या. आजची पट्टी संपताना वाचकाला टांगून ठेवायचं, म्हणजे तो उद्याचा पेपर घेईल. आणि उद्याच्या पट्टीत आधी कालची आठवण द्यायची, कारण कालच्या पेपरात आज कोणाच्या तरी घरी भजी बांधली गेलेली असतात. अशा कित्येक आठवड्यांच्या पट्ट्या कापून, जुळवून इंद्रजाल एका अंकात बसवायचा. कात्री चालवूनही दचकण्याची लय राहिलीच. अर्ध्या तासात वीस-पंचवीस वेळा दचकायला लावणारा हा गृहस्थ म्हणूनच जेवणाच्या ताटावर चालायचा नाही. घास हातात आणि आमटी शर्टावर.

बोलणं मोजकं. तेही हौसेनं नव्हे. पात्रांच्या तोंडचे फुगे इंग्रजी बोलण्याच्या मापानं आखलेले. त्यात मराठी कोंबायची म्हणजे वरच्या वेलांट्या, खालचे उकार, मधली शिरोरेघ यांना सगळ्यांना जागा द्यायची. मग वाक्यं आपोआप आखूड झाली. 'अरे बापरे', 'पळा', 'तो आला'. शाळेतल्या निबंधात 'सहस्ररश्मीच्या सुवर्णकिरणांनी' असं लिहून मार्क मिळवणाऱ्या मुलांना, तीन शब्दांत काम भागतं हे पहिल्यांदा इंद्रजालनं दाखवलं. मराठीच्या बाईंना ते पटलं असतं असं नाही. आणि ठोसा! ढिशूम, धाड, फटॅक, खण्ण. मराठीत इतके आवाज आहेत हे व्याकरणाच्या पुस्तकात मी कधी वाचलं नव्हतं.

"हे काय वाचन आहे? नुसती चित्रं बघायची!" हा त्याच्यावरचा जुना आरोप, आणि मी त्याचा वकील असल्यानं इथे जरा थांबतो. एक पान समोर धरा. पहिल्या चौकटीत वेताळाची मूठ मागे गेलेली. दुसऱ्या चौकटीत गुंड जमिनीवर, हनुवटीवर कवटीचा ठसा. ठोसा कुठे आहे? कागदावर नाहीच. दोन चौकटींमध्ये सुतळीएवढी पांढरी पट्टी आहे, तिथे तो बसला. आणि मारला कोणी, तर वाचणाऱ्यानं. त्या पट्टीत कधी क्षण जातो, कधी रात्र, कधी वीस वर्षं. अमेरिकेच्या स्कॉट मॅक्क्लाउड यांनी 1993 साली या पांढऱ्या पट्टीवर आणि अशाच इतर गोष्टींवर अख्खं पुस्तक लिहिलं, तेही कॉमिक्सच्याच रूपात. आम्हाला पुस्तक लागलं नाही. पावसाळ्याच्या सुट्टीत, बॅटरी पांघरुणात घेऊन, ती पट्टी आम्ही रोज ओलांडत होतो. ज्यांना ती ओलांडता येत नाही अशी शिकलेली माणसं मी पाहिली आहेत: ती फक्त फुगे वाचत जातात आणि शेवटी विचारतात, "मग तो मेला कधी?"

इंद्रजालला एक सोज्वळ चुलतभाऊ होता. अनंत पै टाइम्समध्ये इंद्रजालच्या कामात होते. तिथून बाहेर पडून 1967 साली त्यांनी अमर चित्रकथा सुरू केली. हा भाऊ आंघोळ करून, गंध लावून यायचा. कृष्ण, राम, शिवाजी महाराज, संत, क्रांतिकारक. त्याला पुढच्या दारानं प्रवेश, शाळेच्या बक्षीस समारंभात मान, वाढदिवसाला वडील स्वतः विकत आणणार. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा आपल्याकडच्या चित्रकारांच्या हातचा तो, त्यामुळे दिसायलाही देखणा. इंद्रजालला त्याचा हेवा वाटला असं मला कधी दिसलं नाही. रात्री पांघरुणात कोणाला घेतात हे त्याला ठाऊक होतं. आणि सोज्वळपणाचं फार मनावर घेऊ नये: पुराणपुरुष, संत, राजे रेखाटणाऱ्या त्याच मुळीकांनी पुढे राज कॉमिक्ससाठी मनगटातून साप सोडणारा नागराजही काढला. हात एकच, शाई एकच.

घरच्यांनी फारच टोचून बोलल्यावर म्हणा, डिसेंबर 1976 मध्ये इंद्रजालनं एक स्वदेशी नायक आणला. बहादुर. लेखक आबिद सुरती, 'ढब्बूजी' या व्यंगचित्रमालेचे, चित्रं ब्राह्मणियांची. डाकूचा मुलगा, पण बापाला मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यानंच वाढवलेला. अंगात केशरी झब्बा, खाली जीन्स. त्या एका पोशाखात त्या सालचा सगळा हिंदुस्थान उभा होता. वेताळाला आम्ही घाबरून मान द्यायचो. बहादुर मात्र समोरच्या चाळीतल्या, कॉलेजात जाणाऱ्या दादासारखा वाटायचा. त्याच्यासारखा झब्बा शिवून घेतलेले दोन जण तरी मला माहीत आहेत. जीन्स परवडली नाही.

विकत घेतलेला इंद्रजाल सुखानं एका जागी बसला, असं सहसा होत नसे. फिरणं हा त्याचा धर्म. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या टपरीवर अनामत ठेवून तो एका दिवसासाठी मिळायचा, आणि त्या एका दिवसात भाऊ, बहीण, शेजारचे दोघे आणि खालच्या मजल्यावरची सुट्टीला आलेली पाहुणी, असा सगळ्यांकडे जाऊन यायचा. परत येताना थोडा म्हातारा होऊन यायचा. वेताळाच्या डायनाला कोणीतरी पेनानं मिशा काढलेल्या. खुनी कोण ते पहिल्याच पानावर लिहून ठेवणारा एक नतद्रष्ट प्रत्येक गावात असे. टपरीवाला फाटलेलं मुखपृष्ठ काढून खाकी कागद चढवी आणि वर जाड शाईनं नंबर टाकी. रंगेल इंद्रजाल तेव्हा शिक्षा झालेल्या कैद्यासारखा दिसे. शेवटचं पान गेलेलं असेल तर गोष्टीचा शेवट आपण करायचा. तसे मी केलेले काही शेवट मूळ शेवटांपेक्षा बरे होते, असं माझं मत अजून आहे.

1990 साली तो गेला. आजारपण लांबलं नाही. तेव्हा आम्ही नोकरीधंद्याला लागलो होतो. तिरडीला खांदा द्यायला कोणी गेलं नाही. घरोघरचे गठ्ठे रद्दीत किलोवर गेले.

तो गेला, पण त्याच्या गोत्रातला एक साहेब मधल्या काळात गावात आला होता. नाव ग्राफिक नॉव्हेल. जाड पुठ्ठा, गुळगुळीत कागद, एसीच्या दुकानात काचेमागे बैठक. चित्रं चौकटीत, बोलणं फुग्यात, मधे तीच पांढरी पट्टी. पण इंद्रजालचं नाव काढलं की कोण बरं हा, असा चेहरा. हे नाव रूढ कसं झालं त्याची गोष्ट कॉमिक्सकार विल आयस्नर स्वतः सांगत: आपलं नवं पुस्तक घेऊन प्रकाशकाला फोन केला, कॉमिक म्हटलं तर समोरचा फोन ठेवेल म्हणून ग्राफिक नॉव्हेल म्हटलं. पुस्तक पाहिल्यावर त्यांना उत्तर मिळालं की हे तर कॉमिकच आहे. 1978 साली ते पुस्तक दुसरीकडून निघालं आणि नाव चिकटलं. म्हणजे हाही साहेब शर्टाच्या आतून घरात शिरलेलाच!

साहेबाची कर्तबगारी मी नाकारत नाही. आर्ट स्पीगलमन यांच्या 'माउस'मध्ये ज्यू उंदीर आहेत आणि नाझी मांजरं. तेवढ्यावर एका बापाच्या छळछावणीची कहाणी उभी राहते, आणि तिला 1992 मध्ये पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला. आपल्याकडे 1994 साली ओरिजित सेन यांनी नर्मदेच्या खोऱ्यावर 'रिव्हर ऑफ स्टोरीज' काढलं. मला सगळ्यांत आवडतं 2011 चं 'भीमायन'. डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यातले तहानेचे, निवाऱ्याचे, प्रवासाचे प्रसंग, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांच्या हातचे. त्यांनी माणसांना चौकटीत कोंडायला नकार दिला. पान कसं वाहतं ते बघत राहावं. आणि फुगे? प्रेमानं बोलणाऱ्याच्या तोंडून निघालेला फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. फुगा कसा असावा यावर इंद्रजालनं जन्मात विचार केला नव्हता, हे मान्य. पण 'भीमायन'मधली ती नांगी पाहिल्यावर पहिल्यांदा त्यालाच जाऊन दाखवावी असं मला वाटलं.

माझी तक्रार साहेबाबद्दल नाही, त्याच्या भोवतीच्या लोकांबद्दल आहे. "मी कॉमिक्स नाही हं वाचत, ग्राफिक नॉव्हेल वाचते," असं सांगणाऱ्या एका बाई भेटल्या. घरात पाव-भाजी होते, हॉटेलात तिची किंमत चौपट होते, म्हणून ती वेगळा पदार्थ होत नाही.

खुद्द इंद्रजालची अलीकडची अवस्था मात्र पाहवत नाही. त्याला आता भाव आलाय. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला, फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या रद्दीत पन्नाशी-साठी उलटलेले गृहस्थ वाकून वाकून त्याला शोधतात. सापडला की हातमोजे घालून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करतात आणि काचेच्या कपाटात उभा करतात. अशा एका संग्राहकाच्या घरी मी गेलो होतो. बैठकीची खोली, मधोमध कपाट, आत आपला इंद्रजाल, आयुष्यात प्रथमच पाहुण्यांच्या नजरेसमोर. मी म्हटलं, "जरा बघू का उघडून?" यजमानांनी माझ्या बोटांकडे पाहिलं आणि चहा मागवला. त्यांच्या नातवानंही कधी तो वाचलेला नव्हता. पिन गंजेल, पान तुटेल. इंद्रजाल काचेमागे तोंड मिटून उभा होता. इतका मानात आणि इतका गप्प मी त्याला कधी पाहिला नाही.

तुमच्या घरी एखादा उरला असेल, तर त्याला गादीखाली ठेवा आणि घरात पोरं असतील तिथे जरा दुर्लक्ष करा. आणि संग्रहाच्या नादाला लागलाच असाल, तर एक सांगून ठेवतो. कोणी 123 किंवा 124 क्रमांकाचा अंक दुर्मीळ म्हणून गळ्यात मारू लागला, तर पैसे देऊ नका. त्या वेळी संप होता. ते दोन अंक निघालेच नाहीत.